तुम्ही विचारलंत म्हणून: माझा गळा रिकामा का?

हा प्रश्न मला उन्हाळ्यातच जास्त विचारला जातो. थंडीत शाली, स्वेटर, बंद गळ्याचे कपडे यांच्या आड सगळं झाकून जातं. ऊन तापायला लागलं, गळे मोकळे झाले, की कुणाचं तरी लक्ष जातंच: "एवढे दागिने करतेस, मग स्वतः काहीच कसं घालत नाहीस?" यातला 'काहीच' जरा ताणून म्हटलेला असतो. पाठोपाठ नजर गळ्यावरून कानांवर, कानांवरून मनगटावर फिरते आणि तिथेही काही सापडत नाही.

आजवर मी यावर जे काही बोलले ते वेळ मारून नेण्यासाठी. "आत्ताच काढून ठेवलं." "घाईत राहिलं." "घाम येतो गं." यातलं शेवटचं निदान अर्धं तरी खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

घाम म्हणजे नुसतं पाणी नाही. त्यात मीठ असतं, तो किंचित आम्लधर्मी असतो. माझे दागिने बारीक काचमण्यांचे. काचेला त्याचं काही वाटत नाही, पण काचेवर चढवलेल्या रंगाला वाटतं. सोनेरी, रुपेरी, तांबूस झाकेचे जे मणी तुम्हाला सगळ्यांत आधी आवडतात ते बहुतेक गॅल्व्हनाइज्ड असतात, म्हणजे काचेवर धातूचा पातळ थर. तो घासून निघतो. हल्ली मियुकी आणि तोहो या जपानी मणी-कंपन्यांचे ड्युराकोट, पर्मा फिनिश असे टिकाऊ थर आलेत, पण टिकाऊ म्हणजे आधीच्यापेक्षा टिकाऊ, एवढंच. गुलाबी आणि जांभळ्याची रड आणखी वेगळी. काचेतच पक्का गुलाबी उतरवायचा तर पारंपरिक पद्धतीत सोन्याचा अंश घालावा लागतो. म्हणून बरेचसे भडक गुलाबी मणी वरून रंगवलेले असतात, आणि ते उन्हात विटतात. माझ्या खिडकीत उन्हाळाभर एक पुठ्ठा असतो. त्यावर प्रत्येक नव्या रंगाचे थोडे मणी दोऱ्याने टाचलेले, अर्ध्या भागावर काळ्या कागदाची पट्टी. उन्हाळा सरता सरता पट्टी उचलायची आणि बघायचं. मागच्या खेपेला पट्टीखालचा राणी रंग राणीच होता, शेजारच्याला गुलाबी म्हणायला जीव धजेना.

हे सगळं ऐकून विचारणारे मान डोलावतात. मग म्हणतात, "पण सगळेच मणी काही रंग सोडत नाहीत ना?"

नाही सोडत. काळा, पांढरा, आणि ज्यांच्या काचेतच रंग मुरलेला आहे असे कितीतरी मणी घामाला भीक घालत नाहीत. माझ्याकडे त्यांचेच डबे जास्त आहेत. म्हणजे घामाची सबब इथे संपली.

त्यात गंमत अशी की माझं सगळ्यांत जास्त काम होतं ते उन्हाळ्यातच. दिवस मोठा, उजेड भरपूर. दिव्याखाली जे दोन निळे एकच वाटतात, त्यांच्यातला फरक दिवसाच्या उजेडातच कळतो. दुपारी घर झोपलेलं असतं. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर दोऱ्याचं शेपूट उडून सुईभोवती गुंडाळतं. पंखा बंद केला की बोटं ओलावतात, आणि अकरा नंबरचा मणी, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरचा, सुईवर यायचं सोडून बोटाच्या टोकालाच चिकटून बसतो. दोऱ्याला लावलेलं मेण उकाड्याने मऊ पडतं, टाका ओढताना चिकट लागतं. बोटं पुसायची, थोडे मणी उचलायचे, परत बोटं पुसायची. पंधरा नंबर तर (आकडा वाढतो तसा मणी बारीक होतो, हे अजूनही काहींना पटत नाही) मी त्या दिवसांत हातातच घेत नाही. एवढा जाच सोसून केलेली वस्तू डब्यात जाऊन पडते याचं तुम्हाला नवल वाटतं, हे मला समजतं. मलाही वाटतं.

मध्यंतरी माझ्याकडे एक तयार उत्तर होतं: "आचारी काय सगळं स्वतःच खातो?" लोक हसायचे, विषय मिटायचा. मग एका मैत्रिणीने शांतपणे म्हटलं, "खात नसेल, पण चाखतो तरी." तेव्हापासून ते उत्तर बाद.

तर आता ती दुपार. तुमच्यातले काही जण तिथे होतात, आणि मला खात्री आहे की तुम्हाला त्यातलं काहीही आठवत नसेल.

घरचाच कार्यक्रम होता, भर उन्हाळ्यातला. मी गळ्यालगत बसणारी एक पट्टी घातली होती, पेयोट विणीची. या विणीत मणी ओवत सुटायचं नसतं. एकेक मणी मागच्या ओळीतल्या दोन मण्यांच्या मधल्या खाचेत बसवायचा, टाका ओढायचा, मग पुढचा. जुनं सोनं आणि करडा, दोनच रंग. मला ती पट्टी आवडली होती, आणि माझ्या स्वतःच्या कामाबद्दल मी असं सहसा म्हणत नाही. निघताना आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले होते, हेही सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

थोड्या वेळात उकाडा असह्य झाला. जो तो हाती लागेल त्याने वारा घेत होता. मावशी माझ्याशी बोलता बोलता थांबली, पुढे वाकली आणि म्हणाली, "अगं, मानेला काय लागलंय तुझ्या?" मी हात लावला. बोटावर पिवळट करडा, ओशट डाग. मावशीने रुमालाचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं, एका हाताने माझी हनुवटी वर धरली आणि चारचौघांत माझी मान पुसायला लागली. पट्टी उचलून खालून पुसलं. मग पट्टीची मागची बाजू पुसली. मग रुमाल उलगडून बघितला, आणि तो शेजारच्यांनीही बघितला. तिच्या मनात मायाच होती, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. "घरी केलेलं आहे ना, चालायचंच," ती म्हणाली. माझी बाजू घेऊनच म्हणाली.

घरी केलेलं आहे ना! मणी कारखान्यातले, वरचा थरही कारखान्यातच चढलेला. त्यात घरचं होतं ते फक्त विणकाम, आणि विणकामातला एक टाका हलला नव्हता. पण हनुवटी दुसऱ्याच्या हातात असताना गॅल्व्हनाइझिंगवर व्याख्यान कोण देणार?

मामेबहिणीने चटकन पर्समधून एक साखळी काढली. विकतची, खाली पदक, दिसायला छान. "ही घाल, एकदम मोकळा गळा बरा नाही दिसत." मी पट्टी काढली, रुमालात गुंडाळून ठेवली, साखळी घातली. इथवर काही विशेष नाही. अशी फजिती कुणाचीही होते आणि संध्याकाळपर्यंत विसरली जाते.

थोड्या वेळाने एक काकू आल्या. बऱ्याच दिवसांनी भेटत होत्या. "काय गं, तूच ते मण्यांचं करतेस ना?" असं म्हणत त्यांनी ते पदक दोन बोटांत उचललं, चष्मा कपाळावर सरकवून निरखलं. "वा! काय सफाई आहे! हे सगळं हाताने?"

"नाही काकू, ही माझी नाही. हिची आहे, विकतची."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि पदक सोडून दिलं. ठेवलं नाही, सोडलं. ते खाली आपटलं त्याचा टक्क आवाज मला अजून ऐकू येतो. क्षणापूर्वी त्या ज्या सफाईला वा म्हणाल्या होत्या ती तशीच्या तशी तिथे होती, तिचं काहीच झालं नव्हतं. मग त्यांनी माझे कान पाहिले, मनगट पाहिलं. "मग तुझं कुठाय?"

माझं पर्समध्ये होतं, ओल्या डागांसकट. "आज नाही घातलं," मी म्हटलं. त्या दुपारपासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

पुढे कितीतरी दिवस मी सगळ्याचं खापर त्या दुपारवर फोडलं. अपमान झाला, म्हणून घालत नाही. सुटसुटीत. पण कुणी केला अपमान? मावशीने मान पुसली, काकूंनी कौतुक केलं, मामेबहिणीने साखळी दिली. तिघींपैकी एकीचंही मला वाईट म्हणता येत नाही. तेव्हाची मी यावर चिडून म्हणते, तो उलगडलेला रुमाल विसरलीस का? नाही विसरले. पण त्या दुपारच्या आधी तरी मी काय रोज नटून हिंडत होते? तेव्हाही डबे भरलेलेच होते आणि गळा असाच होता. फक्त कुणी विचारत नव्हतं.

मग खरं कारण काय? एक सांगते, पटलं तर बघा. गळ्यातला दागिना ज्याच्या गळ्यात असतो त्याला सोडून बाकी सगळ्यांना दिसतो. मला तो हवा असतो माझ्या डोळ्यांसमोर, मांडीवरच्या मखमलीच्या तुकड्यावर, तिरप्या उजेडात, ओळ वाकडी गेली की लगेच कळेल असा. गळ्यात चढला की तो तुमचा झाला. तुम्ही त्याच्याकडे बघून बोलता आणि मी उगीच मधे उभी. यात आपल्याच कामाचा मोह आहे, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

ती चाखण्यावाली मैत्रीण मात्र भांडली. तिने मला बिझमून गुहेचं सांगितलं. मोरोक्कोतल्या या गुहेत सापडलेल्या शंखांच्या ३३ मण्यांवरचं संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झालं. वय १,४२,००० ते १,५०,००० वर्षं. ते नुसते भोक पडलेले शंख नसून मणी आहेत, असं म्हणायला एक मोठा आधार म्हणजे त्यांवरच्या झिजेच्या खुणा, दोऱ्यात अडकून लटकल्यावर पडतात तशा. "म्हणजे बघ," ती म्हणाली, "कुणीतरी घातले म्हणून ते मणी ठरले. तुझे काय ठरणार?" त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. रात्री सुचलं: प्राचीन इजिप्तमध्ये ममींवर निळ्या फायन्सच्या (झिलई दिलेल्या, चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या पदार्थाच्या) मण्यांची जाळी पांघरत. ती कुणी जिवंतपणी मिरवली नव्हती, म्हणून काय तिला मणीकाम म्हणायचं नाही? मी लगेच तिला तसं कळवलं. तिचं उत्तर आलं, "म्हणजे तुझं केलेलं घालायला तुला आधी मरावं लागणार?"

हरले. पण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. मी घालते. अर्धवट असताना घालते. पेयोटची पट्टी सपाट ठेवून कळत नाही, दोरा जास्त ओढला गेला असेल तर ती ताठ होते, गळ्यावर बसायचं सोडून उभी राहते. ते गळ्यात घालूनच समजतं. मग सुई बुचात खोचायची, तो सगळा लटांबर गळ्याभोवती धरून मागे चिमटा लावायचा आणि जरा वावरायचं. दुपारी घरात कुणी जागं नसतं. पाणी भरते, वाळलेले कपडे काढते, बूच छातीवर हलत असतं, आणि कधी कधी मी ते गळ्यात आहे हे विसरते. दाराची बेल वाजली की ओढणी घेऊन दार उघडते. वस्तू पुरी झाली, फासा बसला, उरलेला दोरा विणीत लपवून कापला, की ती पुन्हा गळ्यात चढत नाही. याला चाखणं म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी दोन्ही बाजूंनी वाद घालून पाहिला आहे.

यंदा मनगटावरची पट्टी करायला घेतली आहे. मनगट माझं मला दिसतं, त्यामुळे वर सांगितलेली सबब तिथे चालणार नाही, हे पहिला मणी उचलतानाच ठाऊक होतं. मणी काळे आणि पांढरे, म्हणजे घामाचीही सबब नाही. कामात अडकते असं म्हणता येईल, पण वीण सपाट आहे, तेही फारसं टिकायचं नाही. मैत्रीण म्हणते, घालशील. मी म्हणते, बघू.

तोवर ज्यांच्याकडे माझ्या हातचं काही आहे त्यांना एवढंच: गुलाबी किंवा जांभळं असेल तर खिडकीपाशी टांगू नका, सोनेरी असेल तर भर दुपारी घालू नका, आणि काढल्यावर कोरड्या कापडाने पुसून मगच डब्यात ठेवा. बाकीचं खुशाल वापरा, रोज वापरा. तुटलं तर मणी वेचून ठेवा, दोरा मी बदलून देईन.