शेताच्या कडेकडेनं

इंग्लंडमध्ये चालायला जायचं म्हटलं की लोक डोंगर नाहीतर समुद्रकिनारा सुचवतात, मला मात्र हल्ली शेतंच जास्त आवडायला लागलीयेत. कुठलंही शेत नाही हां, हेजपासून (म्हणजे शेताच्या कडेचं झुडपांचं जिवंत कुंपण) हेजपर्यंत नुसता गहू असेल तर दहा मिनिटांत कंटाळा येतो. जिथे शेतकऱ्याने पाखरांसाठी, फुलांसाठी थोडी जागा सोडलीये आणि वर आपल्याला चालायला वाटही दिलीये, अशी शेतं.

वाटांचे दोन प्रकार असतात. पिवळ्या बाणाचा पब्लिक फुटपाथ कायद्याने सगळ्यांचा, मालकाला आवडो न आवडो. दुसरा पर्मिसिव्ह पाथ, म्हणजे मालकाने आपणहून दिलेली वाट. ती कधीकधी वर्षातून एखादा दिवस बंद ठेवतात आणि लोक वैतागतात, पण त्यामागे कारण आहे, एखाद्या वाटेवरून लोक 20 वर्षं सलग, बिनधास्त चालत राहिले तर ती कायमची सार्वजनिक झाली असा दावा करता येतो, म्हणून मालक मधेच गेट लावून सांगतो की बाबांनो, ही परवानगी आहे, हक्क नाही. मला तरी यात काही गैर वाटत नाही.

खरी मजा कडेला आहे. हेज, हेजच्या खाली उंच गवत, गवताला लागून रानफुलांचा पट्टा आणि मग पीक. मे-जूनमध्ये त्या पट्ट्यात गुबगुबीत बंबलबी नुसत्या लोळत असतात. हेजमध्ये घरटी असतात म्हणून इंग्लंडमध्ये 1 मार्च ते 31 ऑगस्ट हेज छाटायला बंदी आहे, थोडे अपवाद सोडून, 2024 मध्ये त्याचा रीतसर नियमच झाला. त्यामुळे उन्हाळ्यात वाट जरा अंगावर येते, काटे ओरबाडतात, फुल पँट घालून जा.

आणि पिकाच्या मधे मोकळे चौकोन दिसले तर पेरणीयंत्र बंद पडलं होतं असं समजू नका! ते चंडोलासाठी असतात. झालं काय, गहू वसंतात पेरायच्या ऐवजी शरदातच पेरायला लागले, मग मे उजाडेपर्यंत पीक इतकं दाट होतं की चंडोलाला आत उतरताच येत नाही, दुसरी वीण होणार कुठून? म्हणून हेक्टरी साधारण दोन तुकडे न पेरता सोडतात, एकेक किमान 16 चौरस मीटरचा. म्हणजे 10,000 चौरस मीटरमधले 32 जातात, बस. केंब्रिजशायरमधल्या होप फार्मवर, आरएसपीबी ही पक्षीसंस्था 2000 पासून स्वतः शेती करते तिथे, हे करून बघितलंय. राखीव जंगलापेक्षा मला हे जास्त भारी वाटतं, कारण इथे गहूही निघतो.

बीटल बँक पण तसंच. मोठ्या शेताच्या मधोमध एक बुटका बांध घालायचा, त्यावर झुबक्यांचं गवत वाढवायचं. भुईवरचे भुंगेरे हिवाळाभर त्यात दडून बसतात आणि वसंतात बाहेर पडून पिकावरचा मावा खातात. कडेला हेज असताना मधे कशाला, तर हे प्राणी पायी फिरणारे, मोठ्या शेताच्या मध्यापर्यंत कडेवरून वेळेत पोचतच नाहीत.

एका गोष्टीवरून मात्र माझं डोकं फिरतं, मोकळे सोडलेले कुत्रे. चंडोल, टिटव्या, तित्तिर सगळे जमिनीवरच अंडी घालतात. पाटी लावलेली असते, तरी “आमचा काही करत नाही हो” चालूच. अहो, त्याने काही करायची गरजच नाही, पक्षीण घाबरून उठली आणि उठूनच राहिली की अंडी गार पडतात. पट्टा लावायला काय जातं?

हिवाळ्यात जायचं असेल तर गमबूट घाला आणि पाखरांसाठी पेरलेला तुकडा शोधा, केल, मिलेट, क्विनोआ असलं काहीबाही, कापणी न करता तसंच उभं ठेवलेलं. दुरून वाळकं तण वाटतं. तिथे लिनेट आणि यलोहॅमर या दाणे टिपणाऱ्या छोट्या पाखरांचे थवे उतरतात. फेब्रुवारी-मार्च उत्तम, कारण तोवर बाकी शेतांतलं सांडलेलं धान्य संपलेलं असतं आणि सगळी गर्दी इथेच असते. दुर्बीण न्या, आणि हेजच्या आडोशाने उभे राहा, उघड्यावर उभं राहिलात तर सगळे एकदम उडतात.