डांबरगोळी

पुस्तकांच्या कपाटातली सर्वांत खालची फळी उचलायला गेलो, तर तिचा हातातच भुगा झाला. आत पांढुरक्या, आंधळ्या वाळवीची एकच पळापळ उडाली. तिथे मीच कधीतरी चार डांबरगोळ्या टाकल्या होत्या. त्यातली एक झिजून हरभऱ्याएवढी उरली होती आणि वाळवीने मातीची नळी तिला वळसा घालून पुढे नेली होती.

डांबरगोळी म्हणजे नॅप्थॅलीन. आणि फोर्मोसन जातीच्या वाळवीच्या घरट्यात हेच नॅप्थॅलीन सापडल्याचं शास्त्रज्ञांनी १९९८ साली जाहीर केलं होतं. म्हणजे मी कोणाला कशाचा वास देत होतो!

खरं तर अशा घरात रोगराई माजायलाच हवी. अंधार, ओल, ऊब आणि हजारोंची दाटी. त्यात मातीत मेटारायझियम नावाची बुरशी असते. तिचे बीजाणू अंगाला चिकटले की रुजतात आणि कातडी भेदून आत शिरतात. एकटीदुकटी वाळवी त्याने मरते. घोळक्यात असली की बरेचदा वाचते, कारण बाकीच्या तिला चाटून काढतात. डोकं, पाठ, एकेक पाय, उवा वेचणाऱ्या आजीच्या चिकाटीने. गिळलेले बीजाणू पोटात रुजत नाहीत. ही बुरशी वापरून वाळवी मारायचे प्रयत्न माणसाने कित्येक दशकं केले. प्रयोगशाळेत जमलं, बाहेर फारसं नाही. त्यामागे हे चाटणंही आहे.

ओल्या लाकडात राहणाऱ्या एका जातीत तर बीजाणूंशी गाठ पडली की वाळवी अंग थरथरवते आणि तो हादरा पोचताच दूरच्या जणी लांब सरकतात. माया आहे, पण आंधळी नाही. एखादी हाताबाहेर गेली की तिला खाऊन टाकतात. मेलेलीला कधी मातीखाली गाडतात. हे वाचताना जरा चरकलो, पण ज्या घराला एकही खिडकी नाही, तिथे दुसरं काय करणार?

मला सगळ्यात आवडलं ते भिंतींचं प्रकरण. फोर्मोसन वाळवी घरट्यात आपलीच विष्ठा वापरते. त्या विष्ठेवर स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू पोसले जातात आणि ते बुरशीला दाबून ठेवतात. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन माणसाला १९४३ साली याच कुळातल्या जिवाणूपासून मिळालं. इथे औषध भिंतीलाच लिंपलेलं. शेणाने सारवण्यातलाच प्रकार, फक्त शेण घरचं.

वाळवीवर फवारणी करणारा उद्या येतोय. फळीचे तुकडे कागदावर काढून ठेवलेत. एका तुकड्याच्या खाचेत दोघी राहिल्या आहेत. मी भिंग धरलं, तर एक निश्चल उभी होती आणि दुसरी तिचा मागचा पाय चाटत होती.