बिजागरीमागची पाकळी

चांदीची गोल डबी होती, व्यास 60 मिलिमीटर. जुनं झाकण हरवलेलं, नवं घडवून बिजागरीला जोडलेलं. माझं काम एवढंच होतं: डबीच्या भिंतीवर पाकळ्यांची जी पट्टी आहे तशीच झाकणावर उलटी कोरायची. डबी मिटली की पाकळीसमोर पाकळी यायला हवी.

पाकळ्या मी मोजल्या नाहीत. नजरेला 24 वाटल्या आणि 24 भागांचा घरी केलेला साचा हाताशी होता. झाकणाला पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात दिला, तो वाळल्यावर साचा गुंडाळून सुईने सगळी आखणी केली. कोरणीला धारही लावून ठेवली. मग सहज झाकण मिटून पाहिलं आणि पोटात गोळा आला. बिजागरीजवळ सगळं जुळत होतं, पण समोरच्या बाजूला पाकळीचं टोक दोन पाकळ्यांच्या फटीकडे सरकलेलं. आणखी पाच मिनिटांनी मी चांदीत हात घातला असता.

रंग पुसून टाकला आणि भिंग घेऊन मोजायला बसलो. पाकळ्या 23 निघाल्या. त्यातल्या 22 सुमारे 8.1 मिलिमीटरच्या आणि एक 10.3 ची. माझ्या साच्याची पाकळी 7.85 ची. फरक पाव मिलिमीटरचा, पण 11 पाकळ्यांत तो पावणेतीन मिलिमीटर होतो. जुन्या कारागिराने डिव्हायडरने एकेक पाऊल टाकत भाग पाडले असणार. शेवटी जागा उरली, ती त्याने एका पाकळीत मुरवली, आणि ती पाकळी नेमकी बिजागरीमागे ठेवली. मी बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिलो. काय हात होता त्या माणसाचा!

आता साचा डबीवरूनच घ्यायचा होता. कोरलेल्या रेषांत पेन्सिलीची पूड चोळली, वरची पुसली आणि पारदर्शक चिकटपट्टी दाबून हळूच उचलली. पट्टीवर नक्षी जशीच्या तशी उतरली. ती कागदावर आणि कागद 0.1 मिलिमीटरच्या पितळी पत्र्यावर चिकटवला. एवढा पातळ पत्रा कात्रीने कापता येतो. पाकळ्यांची कड कापायला दोन तास लागले, कारण कात्रीने उठलेली बारीक कूस, म्हणजे पत्र्याची खरखरीत धार, प्रत्येक वळणावर पॉलिश पेपरने काढावी लागते; राहिली तर सुई तिथे अडखळते आणि रेष तुटते. पत्र्याच्या जाडीमुळे गुंडाळल्यावर टोकं भिडेनात, 0.3 मिलिमीटरची फट राहिली. तीही मी बिजागरीमागेच नेली.

साचा उलटा धरून पुन्हा आखणी केली, झाकण मिटून चारही बाजूंनी पाहिलं आणि मगच कोरणी टेकवली. पाकळीच्या आतल्या शिरा साच्याविना, हातानेच घेतल्या.

डबीच्या मालकीणबाई आल्या. झाकण मिटून त्यांनी पट्टीवरून बोट फिरवत नेलं आणि बिजागरीपाशी थांबल्या.

"ही एक जरा रुंद झालीये का हो?"

"हो," मी म्हणालो, "आता तिच्या खालची बघा."

त्यांनी डबी उजेडात धरली.