लाल टोपण

रात्री तीनच्या राउंडला सात नंबरच्या आजोबांची उशी घामानं भिजलेली दिसली. हात थरथरत होते, जीभ जड. ग्लुकोमीटरवर शुगर ४६, फारच कमी. डॉक्टरांना बोलावलं, शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, दिलं, शुगर ११८ वर आली.

झोपताना त्यांना ग्लार्जिन हे इन्सुलिन दिलं होतं, दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या सिस्टरनं. तक्त्यावर १० युनिट, वेळ, सही, सगळं नीट. मी वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाले, "तू या कामाच्या लायकीचीच नाहीस."

"दहाच दिलंय, सिस्टर," एवढं म्हणून ती लिननच्या खोलीत निघून गेली. अर्ध्या तासानं शुगर पुन्हा ६१.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, विचारायचं ते मी विचारलंच नव्हतं. आत गेले. चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून बसली होती.

"तुझं नंतर बघू. आजोबांना काय द्यायचं ते ठरवायचंय. सिरिंज कुठली घेतलीस?"

"लाल टोपणाची. त्यांचा घाम बघितला तेव्हाच कळलं मला."

लाल टोपणाची सिरिंज मिलिलिटरला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी. ग्लार्जिन मिलिलिटरला १०० युनिटचं, त्याला केशरी टोपण लागतं. लाल सिरिंज दहाच्या रेघेपर्यंत भरली की अंगात २५ युनिट जातात, आणि त्याचा अंमल जवळपास २४ तास. एका डेक्स्ट्रोजनं भागत नाही. डॉक्टरांनी लगेच १० टक्क्यांचं ड्रिप लावलं, दर तासाला शुगर बघायला सांगितली.

अपराधभावात नजर कृतीवर असते, शरमेत स्वतःवर, असं हेलन ब्लॉक लुईस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ मध्ये मांडलं. आपल्या बोलण्यातही ते आहेच. मनाला टोचणी लागली की माणूस निस्तरायला धावतो. शरमेनं तोंड लपवतो. तिला टोचणी लागलीच होती. माझ्या एका वाक्यानं त्या टोचणीची शरम झाली, आणि तो अर्धा तास आजोबांच्या जिवावर गेला.

ड्युटी आठला संपली, पण ती दुपारपर्यंत थांबली. "आजोबा, रात्री माझ्या हातनं इन्सुलिन जास्त गेलं," तिनं स्वतः सांगितलं. ते तिच्याकडे बघत राहिले. मग दुसरा हात पुढे केला. "आता या बोटाला टोच. ते दुखतंय."

रिपोर्टमध्ये तिनं सिरिंजचं लिहिलं. खाली मी माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, वेळेसकट, आणि सही केली.