बिडाचा पोर्त-पाराप्लुई: गंज उतरला, आता काड्या

फ्रान्समधल्या ल्योंजवळच्या जुन्या सामानाच्या बाजारातून उचललेल्या बिडाच्या पोर्त-पाराप्लुईचा, म्हणजे छत्र्या ठेवायच्या स्टँडचा, गंज एकदाचा उतरला. तारेचा ब्रश आणि मग पॉलिश पेपर, बस्स. अ‍ॅसिडच्या वाटेला गेलोच नाही. ते बिडाच्या बारीक छिद्रांत मुरतं आणि रंगाखालून गंज पुन्हा डोकं वर काढतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून खरवडताना पाणी मारत राहिलो, वर मास्क.

मागची वेलबुट्टी सगळे बघतात. मी तळाची ताटली बघतो. निथळणारं पाणी तिच्यात जमतं, आणि ती सुटी निघते म्हणून ओतून टाकता येतं. ताटली हरवलेले स्टँड स्वस्तात मिळतात. घ्यायचे तर नवी बनवायचा खर्च धरूनच घ्या.

सोबत आलेली छत्री जास्त मजेची निघाली. लाकडी दांडा, आठ काड्या, आणि काडीचा छेद इंग्रजी यू अक्षरासारखा. म्हणजे ती इंग्रज पोलाद कारखानदार सॅम्युअल फॉक्सच्या 1852 च्या युक्तीनंतरचीच: पन्हळीसारखी दुमडलेली पोलादी पट्टी, वजनाला कमी आणि वाकायला चिवट. त्याआधी काड्या वेताच्या किंवा देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्यांच्या असत. फ्रेंच कारागीर पोलादी काडीलाही अजून 'बालेन', म्हणजे देवमासाच म्हणतात.

कापड काळं, तेव्हा हा पाराप्लुई, पावसाचा. उन्हाची नाजूक, हातात धरायची ती ओंब्रेल. कॅफेबाहेर रोवतात तो पारासोल. ऊन-पाऊस दोन्हीला चालणारी आँ-तू-का मी शोधतोय, अजून हाती लागलेली नाही.

दोन काड्यांच्या टोकांशी कापड सुटलं होतं. मेणवलेल्या दोऱ्याने, टोकाच्या छिद्रातून टाका फिरवून, परत बांधलं. खटक्याची स्प्रिंग मात्र ढिली आहे, छत्री उघडी राहते पण वाऱ्यात मिटते.

एक सांगून ठेवतो: ओली छत्री घट्ट गुंडाळून स्टँडमध्ये ठेवू नका. पाणी निथळेपर्यंत ठीक, मग अर्धवट उघडून वाळवा. गंज धरतो तो काड्यांच्या सांध्यांतच.

पुढचं काम स्टँडला रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक रंगाचा पहिला हात, त्यावर काळा मॅट. लाकडी दांड्यात बसणारी खटक्याची स्प्रिंग कुणी घरी वळवली असेल तर तारेची जाडी कळवा.