मुरबाड साईडला स्पोर्ट एटीव्ही नेताय? आधी मागच्या एक्सलखाली मोजायची टेप लावा

शॉक कडक करून एटीव्हीचा (म्हणजे चार फुगीर टायरांची, हँडलवाली ऑफरोड गाडी) ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे सगळ्यात खालच्या भागाची जमिनीपासूनची उंची, वाढतो असं जो कोणी सांगेल त्याच्याकडे गाडी धुवायलासुद्धा देऊ नका. मला ठाण्यातल्याच एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "साहेब, प्रीलोड चढवतो, वर स्पेसर टाकतो, गाडी २ इंच वर," आणि ४,५०० घेतले. (प्रीलोड म्हणजे शॉकची स्प्रिंग आधीच दाबून कडक करणं.) गाडी वर आली, नाही कशाला म्हणू, सीट वर आली, फ्रेम वर आली, फूटरेस्ट वर आले, फक्त जे खाली घासतं ते होतं तिथेच राहिलं.

कारण साधं आहे. रॅप्टर, वायएफझेड, एलटीझेड, कुठलीही स्पोर्ट एटीव्ही घ्या, मागे दोन चाकांना जोडणारा एकच सलग एक्सल असतो आणि चेनचं स्प्रॉकेट (दातेरी चक्र) आणि ब्रेकची डिस्क त्याच एक्सलवर बसलेली असते, म्हणजे गाडीचा सगळ्यात खालचा भाग तोच. स्प्रिंग त्याच्या वर आहे. स्प्रिंग कितीही ताणा, एक्सल जमिनीपासून किती उंच ते टायरच ठरवणार. लिफ्ट किट वगैरे प्रकार मोठ्या फोर बाय फोर युटिलिटी एटीव्हीसाठी, ज्यांना मागची चाकं स्वतंत्र असतात. व्हिडिओ त्यांचे बघायचे आणि पैसे आपल्याकडून घ्यायचे, असा धंदा आहे.

आता रस्त्याचं. घोडबंदरहून छोट्या हत्तीत गाडी चढवली, साकेत, खारेगाव, भिवंडी बायपास, कल्याण, शहाड, मुरबाड, तिथून म्हशाच्या बाजूला. तिथपर्यंत ट्रॅफिक सोडून सांगण्यासारखं काही नाही. पुढे मित्राच्या मामांची जमीन आहे, त्यांच्या आणि शेजारच्यांच्या परवानगीने फिरवतो, जंगलात नाही. आम्ही फोनवर विचारलं होतं, मामा, वाट कशी आहे. मामा म्हणाले, "अरे रोज ट्रॅक्टर जातो तिथून, तुमची गाडी काय घेऊन बसलात!"

ट्रॅक्टर जातो हाच तर प्रॉब्लेम. ऑक्टोबरचा शेवट, भाताची कापणी चाललेली, पावसात ट्रॅक्टरने जी चाकोरी पाडली ती उन्हाने वाळून दगड झालेली, आणि ओढ्याजवळ सावलीत मात्र अजून ओला चिखल. वीतभर खोल चाकोऱ्या, मध्ये उंच वरंबा, त्या वरंब्यात मुरमातले काळे दगड वर आलेले. ट्रॅक्टरची दोन चाकं जेवढ्या अंतरावर तेवढी आपली नसतात, आपली गाडी अख्खी पावणेचार फूट रुंद, त्यामुळे दोन्ही चाकं चाकोरीत बसतच नाहीत. एक खाली, एक वरंब्यावर, एक्सल तिरका, आणि स्प्रॉकेट बरोबर वरंब्याच्या कडेवर. जेमतेम अर्धा किलोमीटरचा पट्टा असेल पण मी तो आयुष्यात विसरणार नाही. दर दहा-बारा फुटांवर खाड. खाड म्हणजे कसं, मणक्यात जाणारं. मध्येच चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये दगड अडकला, मागची चाकं जाम, गाडी आडवी. डिस्क वाकली ती वेगळीच. वर सीट २ इंच उंच करून ठेवलेली, त्यामुळे तिरक्या जागी गाडी कलंडायला टपलेली, म्हणजे ४,५०० देऊन मी गाडी आणखी बिघडवून घेतली होती असं म्हणा.

ओढून काढायला ट्रॅक्टर आला. दीडशे मीटरचे १,५०० रुपये. मामांच्या नावाने १,२०० वर आला. ओढायच्या आधी रेट ठरवा, गाडी चिखलात असताना घासाघीस होत नाही.

दुसऱ्या बाजूचा माळ, तलावामागची उतरण, ते सगळं झकास, फिरा, काही टेन्शन नाही.

परत आल्यावर पहिलं काम म्हणजे टेप घेऊन मोजलं. मी सीटवर बसलेलो, टायरमध्ये नेहमीची हवा, आणि स्प्रॉकेटच्या खाली उरलेले साधारण ११० मिमी. गाडी रिकामी उभी करून मोजलेला आकडा काही कामाचा नाही, टायर दबतो. आता टायरवर जे आकडे असतात, माझ्या रॅप्टर ७०० ला मागे २० बाय १०, रिम ९, त्यातला पहिला आकडा उंची, दुसरा रुंदी, तिसरा रिम, सगळं इंचात. २० चा २२ केला की दुकानदार म्हणणार २ इंच वाढले. वाढतो १ इंच, म्हणजे २५ मिमी, कारण एक्सल चाकाच्या मधोमध आहे, उरलेला इंच एक्सलच्या वरती जातो. पण हा १ इंच खरा असतो, शॉकवाल्याच्या २ इंचासारखा नाही. आणि २२ लिहिलेला प्रत्येक टायर २२ भरत नाही, दुकानातच हवा भरून टेप लावा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

२२ च्या वर जाऊ नका. मला एकाने २५ दाखवला, १२ च्या रिमसकट, म्हणे एकदाच काय ते करून टाका. तो युटिलिटीचा माल आहे, जड, स्पोर्टच्या मडगार्डला आणि फूटरेस्टमागे लागतो, आणि गाडी एवढी उंच होते की वळणावर जीव मुठीत. पुढेही जोडीने वाढवा, माझे पुढचे २१ बाय ७ होते, तिथे २२ टाकले. फक्त मागचे वाढवले तर गाडी नाकावर झुकते.

कुठला पॅटर्न? मुरबाड-शहापूर पट्ट्यात चिखल फक्त काही महिने, बाकी मुरूम, दगड, भाताचे खुंट आणि काटे. म्हणून खोल नांगरासारखे मड टायर घेऊ नका, कडक जमिनीवर ते थडथडतात, इंजिनाची ताकद खातात आणि त्यांच्या वजनाने सस्पेन्शन मठ्ठ होतं. मध्यम उंचीच्या, मोकळ्या अंतराच्या बटणांचा, ज्याला ट्रेल किंवा क्रॉस कंट्री म्हणतात तो घ्या, आणि ६ प्लायचाच (प्लाय म्हणजे टायरच्या थरांच्या मजबुतीचा आकडा). २ प्लायचा टायर हलका, रेस ट्रॅकवर भारी, आपल्या काळ्या दगडावर बाजूची भिंत फाटते आणि भिंतीला पंक्चर पट्टी टिकत नाही. मॅक्सिस, आयटीपी, केंडा, ड्युरो, नाव कुठलंही घ्या, आधी प्लाय बघा मग पैसे काढा. रुंद टायरचा मोह नको. मागे डिफरन्शियल (वळताना दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, वळताना मागचं थोडं घसरलंच पाहिजे, खूप पकडणारा रुंद टायर टाकला की हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते.

मोठ्या टायरची किंमत इंजिन भरतं. २० चा २२ म्हणजे गिअरिंग १० टक्के लांब (इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी १० टक्के जास्त पुढे, पण ओढ कमी), चिखलात पहिल्या गिअरवर गाडी रडते. उपाय पुढच्या स्प्रॉकेटला एक दात कमी, १४ चं १३. पूर्ण भरपाई होत नाही पण सात-साडेसात टक्के परत मिळतात. मागचं स्प्रॉकेट मोठं करायला सांगणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा, तेच तर खाली लटकतंय. ५२० च्या (हे चेनचं माप) चेनला मागे ३८ च्या जागी ३६ दात म्हणजे ५ मिमी वर, तसंच ४० केले की ५ मिमी खाली, एवढा साधा हिशोब आहे.

स्किड प्लेट मात्र घ्याच. स्विंगआर्मखाली (मागचा एक्सल फ्रेमला जोडणारा हात), स्प्रॉकेट आणि डिस्क दोन्ही झाकणारी. बाहेरून मागवलेली महाग पडते, मी वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेटरकडून ६ मिमी अॅल्युमिनियमची करून घेतली, बोल्टची डोकी आत बुडवून घ्या नाहीतर तीच अडकतात. तेवढे ६ मिमी क्लिअरन्स जातं, जाऊ दे, आपटण्यापेक्षा घसरणं बरं.

हवा. पेट्रोल पंपावर चुकूनही भरू नका, पंपावरचा मुलगा सवयीने ३० मारतो आणि या टायरला लागते ४ ते ६ पीएसआय. तिथला गेज एवढं कमी दाखवतच नाही, ० ते १५ चा वेगळा घ्या. दगडांवर ६, चिखलात ४. ३ वर नेलं की पकड येते हे खरं, पण टायर बसतो आणि ज्या २५ मिमीसाठी एवढा खर्च केला त्यातलेच काही तिथे जातात, शिवाय रिम दगडावर. १२ व्होल्टचा पंप आणि पंक्चर पट्ट्या बरोबर असू द्या, बाभळीचा काटा प्लाय मोजत नाही.

हे सगळं करून तीच चाकोरी परत गेलो. भाई! दोनदा घासलं, तेही प्लेटवर, बाकी सपाट. मामा बांधावर उभे राहून "आता कशी ट्रॅक्टरसारखी चालली" म्हणाले. सध्या एवढा खुश आहे की कुणालाही २२ टाक म्हणून सांगत सुटलोय, पण चायनीज १२५-१५० वाल्यांनी ऐकू नये, त्यांची रिम बहुतेक ८ ची, त्यात हे टायर बसत नाहीत आणि इंजिन ओढणार पण नाही, त्यांनी फक्त प्लेट लावावी. आणि जून ते सप्टेंबर त्या वाटेला कुणीच जाऊ नका, टायर कुठलाही असो. उभ्या भातात शिरलात तर मामा नाही, अख्खं गाव येईल.

येऊर संजय गांधी उद्यानात येतं, सिद्धगडकडे भीमाशंकर अभयारण्य, तिकडे एटीव्ही न्यायचा विचारच नको. गावातल्या डांबरी रस्त्यावरून "जरासं" पण चालवू नका, गाडीला नोंदणी नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ लागतं, पहिल्या वेळी २ ते ५ हजार दंड. टेम्पोनेच न्या. आमच्या ड्रायव्हरने जाताना ३,५०० ठरवले आणि परत येताना वेटिंग म्हणून ६,००० केले, तेव्हा थांबण्याचे तास धरून रेट मेसेजवर लिहून घ्या. रॅम्प लांब न्या, आखूड रॅम्पवर वरच्या टोकाला तेच स्प्रॉकेट टेकतं. गाडी बांधायला रॅचेटचे (खटक्याने ताणायचे) पट्टे स्वतःचे, चार, पुढचे दोन आधी ताणा. ड्रायव्हरकडे नायलॉनची दोरी असते, खारेगावपर्यंत ती सैल झालेली असते.