कुमाऊं आयरिस: ऑगस्टमध्ये जाल तर नुसती पातीच दिसेल

उत्तराखंडात फुलं पाहायची म्हणजे ऑगस्टमध्ये फुलांच्या दरीत जायचं, हे आपल्याकडच्या ट्रेकरांचं ठरलेलं असतं. कुमाऊं आयरिससाठी मात्र तो महिना उशिराचा. बर्फ वितळलं की मे-जूनमध्ये हे फूल जमिनीतून वर येतं आणि पावसाळा रंगात येईपर्यंत आटोपतं. चोपत्याहून तुंगनाथला (3,680 मीटर) चढताना दुतर्फा बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, नजर ठेवा. खालच्या उतारांवर आधी, वरती नंतर. बर्फ हटेल तसतसं ते फुलत जातं.

झाड वीतभरही नाही. रंग जांभळा, त्यावर गडद ठिपके. पाकळ्या मोजल्या तर नऊ भरतात, पण खऱ्या सहाच. बाहेरच्या तीन खाली झुकलेल्या, त्यांच्या मधोमध पांढऱ्या, पिवळ्या टोकांच्या केसांची पट्टी. हिलाच आयरिसची दाढी म्हणतात. आतल्या तीन उभ्या. उरलेल्या तीन म्हणजे पाकळीचं सोंग घेतलेल्या कुक्षिवृंताच्या (स्त्रीकेसराच्या दांड्याच्या) शाखा. प्रत्येकीखाली एक पुंकेसर दडलेला असतो. दाढीवरून भुंगा आत घुसतो तेव्हा दाराशीच असलेली कुक्षीची (पराग स्वीकारणाऱ्या भागाची) पातळ झडप त्याच्या पाठीवरचे आधीचे पराग खरवडून घेते, मग पुढे नवे पराग पाठीला लागतात. तो मागे सरकताना झडप उलटी दाबली जाते, त्यामुळे त्याच फुलाचे पराग कुक्षीवर पडत नाहीत. केशर आणि बाजारातला ग्लॅडिओलस याच कुळातले, पण ही करामत त्यांच्यात नाही.

फूल खुडू नका, हे नुसतं शिष्टाचार म्हणून नाही. ज्याला आपण देठ समजतो ती बहुतेक फुलाचीच नळी असते, पाचसहा सेंटिमीटर लांब. बीजांडकोश तिच्या तळाशी, पानांच्या बुडात. नळी तुटली की हातात फूल येतं, पण बी धरायची संधी गेली.

काश्मीर-लाहौलकडे आयरिस हुकरियाना दिसतं आणि फोटोत दोघांची हमखास गल्लत होते. हुकरियानाचा दांडा उंच, नळी आखूड. म्हणून वरून काढलेला एकच फोटो कुचकामी. फोन जमिनीला टेकवून बाजूनेही एक घ्या, नळी पूर्ण दिसेल असा.

गड्डा उपटून पुण्याला आणायचा विचार असेल तर सोडा. राष्ट्रीय उद्यानात ते बेकायदेशीर आहेच, शिवाय या झाडाला हिवाळाभर बर्फाखालची झोप लागते. आपल्याकडच्या उबदार, ओल्या मातीत ते कुजतं.

ऑगस्टचंच तिकीट हातात असेल तर वेखंडासारखी चपटी, एकमेकींत खोवलेली पाती शोधा. फुलताना बोटभर असलेली ही पाती आता हातभर झालेली असते. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चरलेल्या गवतातही तिचे झुपके उठून दिसतात. पाती बाजूला सारून बुडाशी पाहा: चोच असलेलं तीनकप्पी बोंड आणि आत तांबूस बिया, प्रत्येकीला साईच्या रंगाचा छोटा फुगवटा.